वीस फुटी की चाळीस फुटी? आधी दार मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. भोसरी एमआयडीसीत कास्टिंग मशीनिंगचं युनिट चालवणाऱ्या एका उद्योजकाला जर्मनीच्या ग्राहकाकडून पहिली थेट ऑर्डर मिळाली आहे. माल आहे १८ टन कास्टिंग, १६ युरो पॅलेटवर, प्रत्येक पॅलेटची उंची ७० सेंटिमीटर. त्याच ग्राहकाला एक टेस्टिंग मशीनही जायचं आहे. पेटीसकट ते ३.२ मीटर लांब, १.९ मीटर रुंद, २.३५ मीटर उंच आणि साडेचार टन वजनाचं आहे. फॉरवर्डर, म्हणजे जहाजावरची जागा आणि वाहतूक ठरवून देणारा एजंट, म्हणतो, चाळीस फुटी हायक्यूब (जास्त उंचीचा कंटेनर) घ्या, वीस फुटीपेक्षा भाडं थोडंच जास्त आहे. निम्मा कंटेनर रिकामा जाणार, मग हे पैसे वाया नाहीत का, ही त्यांची शंका. शिवाय त्यांच्या मामांची जुन्नरकडे द्राक्षबाग आहे आणि पुढच्या हंगामात दुबईला माल पाठवायचं मनात आहे. त्यांनी कुठला कंटेनर घ्यावा, हेही त्यांनी विचारलंय.

तुमच्या फॉरवर्डरचा सल्ला बरोबर आहे, पण त्याने सांगितलेलं कारण बरोबर नाही. हा फरक समजून घ्या, कारण पुढच्या ऑर्डरीत मशीन नसेल आणि नुसते कास्टिंग असतील, तेव्हा हाच सल्ला तुम्हाला महागात पडेल.

नवे निर्यातदार बहुतेक वेळा घनमीटरपासून सुरुवात करतात. माल किती घनमीटर, कंटेनर किती घनमीटर, भागाकार केला की झालं. कापूस, फर्निचर, प्लास्टिकच्या वस्तू अशा हलक्या मालाला हा हिशेब चालतो. आपल्या पुण्याचा माल मात्र बहुतेक लोखंडाचा. तिथे हिशेबाचा क्रम वेगळा लागतो. आधी वजन, मग दार, मग तिकडचा रस्ता आणि सगळ्यात शेवटी कंटेनरचं पोट.

आधी मापं सांगतो. कंपनीगणिक दोन-चार सेंटिमीटर इकडे तिकडे होतात, पण एवढी लक्षात ठेवली तरी पुरे. साधा वीस फुटी कंटेनर आतून ५.९ मीटर लांब, २.३५ मीटर रुंद आणि २.३९ मीटर उंच असतो, पोट साधारण ३३ घनमीटर. साधा चाळीस फुटी तेवढाच रुंद, तेवढाच उंच, लांबी १२.०३ मीटर, पोट ६७ घनमीटर. हायक्यूब म्हणजे तोच चाळीस फुटी, फक्त एक फूट जास्त उंच. आतून २.६९ मीटर, पोट ७६ घनमीटरच्या आसपास.

आता वजन बघा. वीस फुटीचं स्वतःचं वजन सव्वादोन टनांच्या आसपास असतं. बऱ्याच कंटेनरवर एकूण कमाल वजन ३०,४८० किलो लिहिलेलं असतं, म्हणजे आत साधारण २८ टन माल बसतो. चाळीस फुटी हायक्यूब स्वतःच ३.९ टनांचा. एकूण मर्यादा तीच असेल तर आत साडेसव्वीस टन. लांबी दुप्पट असली तरी वजन दुप्पट नेता येत नाही, उलट थोडं कमीच नेता येतं. हल्ली ३२,५०० किलो मर्यादेचे चाळीस फुटी बरेच दिसतात, पण आपल्या गेटवर उभ्या असलेल्या कंटेनरच्या दारावर जो आकडा लिहिलाय तोच खरा.

म्हणून कास्टिंग, फोर्जिंग, बेअरिंग, साखर, स्टीलच्या कॉइल, फरशी अशा जड मालाला वीस फुटी आणि हलक्या, जागा खाणाऱ्या मालाला चाळीस फुटी असा साधा नियम आहे. तुमच्या १६ पॅलेटचं घनफळ पावणेअकरा घनमीटरच्या आसपास आहे. वीस फुटीच्या तळावर ११ युरो पॅलेट बसतात, उरलेले ५ वर चढवता येतील, फक्त खालच्या पेट्यांनी वरचं वजन सोसायला हवं. नुसते कास्टिंग असते तर मी डोळे झाकून वीस फुटी सांगितला असता.

इथे तुमचं मशीन मध्ये येतं, आणि त्याबरोबर दार. बहुतेकजण कंटेनरची आतली उंची बघतात आणि दाराची उंची विचारतच नाहीत. साध्या कंटेनरच्या आत २.३९ मीटर उंची मिळते, पण दार उघडल्यावर मोकळी उंची मिळते २.२८ मीटर. वर चौकटीचा आडवा तुळईसारखा भाग असतो, तो ११ सेंटिमीटर खातो. तुमची पेटी २.३५ मीटर. आत उभी राहिली असती, पण दारातून जाणार नाही. चाकणजवळच्या एका कारखान्यात हे डोळ्यांसमोर झालेलं आहे. प्रेसची सुंदर पेटी तयार, वर ग्राहकाचं नाव रंगवलेलं, ट्रेलर गेटवर, हायड्रा (छोटी फिरती क्रेन) भाड्याने आलेली, आणि पेटी चौकटीला चार बोटांनी अडली. शेवटी रात्री पेटीखालची लाकडी बीमं काढून मशीन लोखंडी पट्ट्यांवर बसवावं लागलं. त्यात दोन दिवस गेले आणि ट्रेलरचं थांबण्याचं भाडं वेगळं भरावं लागलं.

हायक्यूबच्या दाराची उंची २.५८ मीटर. तुमची पेटी तिथून २३ सेंटिमीटर मोकळी जाते. हेच हायक्यूब घेण्याचं खरं कारण. भाडं थोडंच जास्त आहे हा वरचा फायदा समजा.

आता मशीन आणि कास्टिंग दोन्ही एकाच हायक्यूबमध्ये बसतात का ते बघू. मशीनने ३.२ मीटर लांबी घेतली की ८.८ मीटर उरतात. युरो पॅलेट १.२ बाय ०.८ मीटरचं. १.२ मीटरची दोन पॅलेटं शेजारी ठेवली तर २.४ मीटर होतात आणि कंटेनर आहे २.३५. बसत नाहीत. ही पाच सेंटिमीटरची अडचण युरोपला माल पाठवणाऱ्या प्रत्येकाला भेटते. म्हणून एक रांग आडवी आणि एक उभी लावतात. एका रांगेत ०.८ मीटरने ११ पॅलेट आणि दुसऱ्या रांगेत १.२ मीटरने ७, म्हणजे ८.८ मीटरमध्ये १८ पॅलेटची जागा होते. तुमचे १६ एकाच थरात बसले. पॅलेटवर पॅलेट चढवायची गरजच उरली नाही, म्हणजे पेट्या मजबूत करण्याचा खर्चही वाचला. कंटेनर निम्मा रिकामा जाणार म्हणताय तो वरून रिकामा असेल, तळ जवळजवळ भरलेला असेल. लोखंडाच्या मालाला असंच जायला हवं.

एकूण वजन साडेबावीस टन. साडेसव्वीसच्या आत आहे. पण हे वजन कुठे पडतं तेही बघावं लागतं. चाळीस फुटीच्या तळाला लांबीच्या दर मीटरला साधारण ३ टन आणि वीस फुटीला साडेचार टन एवढंच सोसतं. म्हणजे १८ टन कास्टिंग मधल्या चार मीटरमध्ये गोळा करून ठेवले, तर एकूण वजन मर्यादेत असूनही तळाच्या आडव्या पट्ट्या वाकतील. तुमचे पॅलेट साडेआठ मीटरवर पसरलेत, मीटरला सव्वादोन टनांच्या आत. मशीनचं वजन मीटरला दीड टनाच्याही खाली. दुसरा नियम, कंटेनरच्या कुठल्याही अर्ध्या लांबीत एकूण वजनाच्या साठ टक्क्यांहून जास्त वजन नको. पॅलेट पुढच्या भिंतीपासून त्या साडेआठ मीटरवर सारखे पसरून लावले आणि मशीन दाराशी ठेवलं तर तुमच्याकडे साधारण ५७ आणि ४३ असा वाटा पडतो. उत्तम आहे. कागदावर चौकोन काढून हे गणित एकदा स्वतः करून बघा, अर्धा तास लागतो. फॉरवर्डरच्या भरवशावर सोडू नका, कारण खोपोलीच्या घाटात कंटेनर कलंडला तर माल तुमचा आहे.

मशीन दाराशी ठेवायचं आणखी एक कारण आहे. साडेचार टनांची पेटी फोर्कलिफ्टने उचलून फोर्कलिफ्टसकट आत जायचं म्हटलं तर फोर्कलिफ्टचं स्वतःचं वजन अधिक मशीनचं वजन, आणि त्यातलं बहुतेक पुढच्या चाकांवर. कंटेनरचा तळ फोर्कलिफ्टच्या एका अक्षावर साधारण साडेपाच टन धरून बांधलेला असतो, नव्या कंटेनरमध्ये सव्वासात टन. तुमच्या केसमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाईल आणि प्लायवूड फुटून चाक खाली जाईल. त्यामुळे कास्टिंगचे पॅलेट छोट्या फोर्कलिफ्टने किंवा हँड पॅलेट ट्रकने आत न्यायचे आणि मशीन शेवटी, पाइपच्या रोलरवरून किंवा स्केटवरून बाहेरूनच ढकलत आत घ्यायचं.

हे भोसरीच्या शेडमध्ये जमेल का, हे आत्ताच ठरवा. ट्रेलरवर ठेवलेल्या कंटेनरचा तळ जमिनीपासून दीड मीटर वर असतो. तुमच्याकडे त्या उंचीचा लोडिंग डॉक नसेल तर साडेचार टनांचं मशीन अधांतरी ढकलावं लागेल. रिकामा कंटेनर हायड्राने खाली उतरवता येतो, पण भरल्यावर सव्वीस टनांहून जास्त झालेला तोच कंटेनर परत ट्रेलरवर चढवणं हायड्राचं काम नाही, त्याला मोठी क्रेन लागते. तुमच्या जागी मी माल ट्रकने चिंचवड किंवा तळेगावच्या आयसीडीत (बंदरापासून दूर असलेला कंटेनर डेपो) किंवा न्हावा शेव्याजवळच्या सीएफएसमध्ये (कंटेनर भरायचं-रिकामं करायचं गोदाम) नेऊन तिथे कंटेनर भरला असता. डॉक, मोठी फोर्कलिफ्ट आणि रोज हेच काम करणारे लोक तिथे मिळतात. कारखान्यात भरलं तर माल एकदाच हाताळला जातो हा फायदा खरा आहे, पण तो पॅलेटच्या मालाला. जड मशीनला नाही. आणि कारखान्यातच भरायचं ठरलं तर आतला रस्ता बघून घ्या. हायक्यूब ट्रेलरवर चढला की जमिनीपासून साधारण ४.४ मीटर उंच होतो. गेटची कमान, गल्लीतल्या लोंबत्या वायरी, रेल्वेखालचे बुटके पूल, सगळ्यावर नजर टाकून ठेवा.

तिकडचा रस्ताही विचारात घ्या. आपण २८ टन बसतात म्हणून २८ टन भरतो, आणि तो कंटेनर ग्राहकाच्या देशात रस्त्यावर चालवायलाच मनाई असते. जर्मनीत ट्रक, चासिस (कंटेनर ठेवायचा चाकांचा सांगाडा), कंटेनर, माल सगळं मिळून नेहमीची मर्यादा ४० टन आहे. बंदरातून रेल्वेने येऊन शेवटचा टप्पाच ट्रकने असेल, तर त्या वाहतुकीला ४४ टन चालतात. तुमचा माल साडेबावीस, कंटेनर ३.९, लाकूड-बांधणी अर्धा टन, ट्रक आणि चासिस १३-१४ टन. ४० च्या रेषेवर येतो, थोडा पलीकडेही. म्हणून ग्राहकाला आजच विचारा, हांबुर्गहून कंटेनर रस्त्याने येणार की रेल्वेने. रस्त्याने येणार असेल तर दोन-तीन पॅलेट पुढच्या खेपेला ठेवा. अमेरिकेला पाठवाल तेव्हा हा प्रश्न आणखी टोकाचा होतो. तिथे सगळ्या गाडीची मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे ३६.३ टन. नेहमीच्या चासिसवर वीस फुटीत १७ टन आणि चाळीस फुटीत २० टनांच्या आसपासच माल नेता येतो. तिथल्या ग्राहकाला २५ टनांचा वीस फुटी पाठवला तर बंदरावर खास तीन अक्षांचा चासिस शोधावा लागतो आणि त्याचं बिल फिरून तुमच्याकडे येतं.

वजनाचा कागद आता ऐच्छिक राहिलेला नाही. १ जुलै २०१६ पासून जगभर भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन, ज्याला सगळे व्हीजीएम म्हणतात, कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवत नाहीत. माल, पॅलेट, लाकूड, बांधणी आणि कंटेनरचं स्वतःचं वजन सगळं त्यात येतं. काट्यावर नेऊन पावती घ्या. अंदाजाने आकडा भरू नका.

दोन वेगळे कंटेनर घेतले तर? कास्टिंग साध्या वीस फुटीत आणि मशीन वीस फुटी ओपन टॉपमध्ये, म्हणजे वरून उघडणाऱ्या कंटेनरमध्ये. तांत्रिकदृष्ट्या चांगलं जमेल. पण बंदराचे हाताळणी खर्च, कागदपत्रं, सील, रस्त्याची वाहतूक हे सगळं दर कंटेनरमागे लागतं, आणि ओपन टॉप नेहमीच्या कंटेनरपेक्षा महाग आणि मिळायला अवघड. तुमच्या मालाला त्याची गरज नाही.

एखाद-दुसरं पॅलेट नमुन्यादाखल पाठवायचं असेल तर पूर्ण कंटेनर घेऊ नका, एलसीएलने पाठवा, म्हणजे इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये. तिथे भाडं घनमीटर किंवा टन, जे जास्त असेल त्यावर लागतं. तुमचं कास्टिंग घनमीटरपेक्षा टनात जास्त भरतं, त्यामुळे एलसीएल तुम्हाला इतरांपेक्षा लवकर महाग वाटू लागेल. माल आठ-दहा टनांच्या वर गेला की वीस फुटीचा भाव मागवून तुलना करा.

कंटेनरचा प्रकार ठरला, आता प्रत्यक्षात समोर येणारा कंटेनर. बुकिंग हायक्यूबचं आणि गेटवर साधा चाळीस फुटी, असं होतं. दारावरचा क्रमांक वाचायला शिका. चार अक्षरं, सात आकडे, आणि त्याखाली चार चिन्हांचा एक कोड असतो. साध्या वीस फुटीला २२जी१, साध्या चाळीस फुटीला ४२जी१, हायक्यूबला ४५जी१. पहिला आकडा लांबीचा, दुसरा उंचीचा, अक्षर प्रकाराचं. जी म्हणजे साधा, आर म्हणजे रीफर (थंड कंटेनर), यू म्हणजे ओपन टॉप, पी म्हणजे फ्लॅट रॅक, टी म्हणजे टँक. तुम्हाला ४५ दिसलं पाहिजे. डाव्या दारावर सीएससीची, म्हणजे कंटेनर सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय कराराची, धातूची पट्टी रिव्हेट केलेली असते, तीही बघा. नव्या कंटेनरची पहिली तपासणी पाच वर्षांत आणि त्यानंतर दर ३० महिन्यांनी व्हायची असते. तारखेऐवजी एसीईपी असा शिक्का असेल तर मालक कंपनी स्वतःच्या सततच्या तपासणी योजनेखाली तो चालवते, तेही ग्राह्य आहे.

मग एक माणूस आत पाठवायचा आणि दोन्ही दारं बाहेरून पक्की लावायची. आत पूर्ण काळोख हवा. दोन मिनिटं डोळे सरावले की छताकडे, कोपऱ्यांकडे, दाराच्या रबराकडे बघायचं. कुठेही टाचणीएवढा उजेडाचा ठिपका दिसला तर तो कंटेनर परत पाठवायचा. जिथून उजेड येतो तिथून समुद्राचं पाणी येतं. मग बाहेर येऊन वास घ्यायचा, आधी केमिकल किंवा कातडी गेली असेल तर प्लायवूड महिनोन्‌महिने वास सोडत राहतं. तळावर तेलाचे डाग, वर आलेले खिळे, धोकादायक मालाची जुनी स्टिकरं, भिंतीला आतल्या बाजूने आलेला फुगवटा, सगळ्याचे फोटो भरण्याआधी काढून ठेवा. हे दहा मिनिटांचं काम ड्रायव्हरच्या घाईत कधीही टाळू नका. परत पाठवायला लाज वाटू देऊ नका, तो तुमचा हक्क आहे.

कास्टिंगला खरी भीती गंजाची, आणि गंज बहुतेक वेळा बाहेरच्या पाण्याने येत नाही, आतल्या दमट हवेने येतो. पावसाळ्यात भोसरीत भरलेली हवा, ओली लाकडं, ओली पॅलेटं आत बंद होतात. जहाज गार हवामानात गेलं की छताच्या पत्र्याखाली थेंब जमतात आणि मालावर टपकतात. २०२३ च्या अखेरीपासून लाल समुद्रातला मार्ग धोक्याचा झाल्यावर युरोपची कितीतरी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून गेली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. तेवढे दिवस हा खेळ जास्त चालतो. म्हणून मशीन केलेले पृष्ठभाग व्हीसीआय (गंजरोधक वाफ सोडणाऱ्या) पिशवीत, पॅलेटचं लाकूड कोरडं, आणि कंटेनरच्या भिंतींना ओलावा शोषणाऱ्या पट्ट्या टांगलेल्या हव्यात. लाकडावर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातल्या किडीविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा, शिक्का हवाच, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. पॅलेटचा शिक्का सगळे बघतात, मशीनखालची बीमं आणि फटीत ठोकलेले ठोकळे विसरतात. तेही शिक्क्याच्याच लाकडाचे हवेत.

बांधणीबद्दल एवढंच सांगतो की कंटेनरमधल्या कड्यांवर सगळा भार टाकू नका. खालची कडी साधारण एक टन आणि वरची अर्धा टन ओढ सोसते. मशीनच्या दोन्ही बाजूंना तुम्हाला २२ सेंटिमीटर मोकळे मिळतात. तिथे लाकडी चौकट ठोकून मशीन भिंतीच्या खालच्या आडव्या पट्टीला आणि पुढच्या पॅलेटला टेकवा, आणि बेल्ट त्यावर जादाचा म्हणून लावा. दाराकडच्या बाजूला तर आडवा लाकडी अडसर हवाच, नाहीतर तिकडे दार उघडणाऱ्या माणसाच्या अंगावर येईल.

पुढे कधी हायक्यूबच्या दारातूनही न जाणारं मशीन आलं तर दोन पर्याय आहेत. उंची जास्त पण रुंदी कंटेनरच्या आत असेल तर ओपन टॉप. छताच्या जागी ताडपत्री आणि काढता येणाऱ्या कमानी असतात, दारावरची चौकटही बाजूला फिरते, त्यामुळे माल क्रेनने वरून सोडता येतो. रुंदीच बाहेर जात असेल तर फ्लॅट रॅक, म्हणजे तळ आणि दोन टोकांच्या भिंती. तिथे मापाबाहेर गेलेला प्रत्येक सेंटिमीटर पैसे मागतो, कारण शेजारच्या आणि वरच्या कंटेनरची जागा जहाजावर वाया जाते आणि तिचं भाडं तुम्हालाच भरावं लागतं. फ्लॅट रॅकवरच्या मशीनला खारं वारं थेट लागतं, म्हणून बुकिंग करतानाच डेकखालची जागा मागा. आणि रस्त्यावर मापाबाहेरच्या मालाला परवानगी, घाटातल्या वेळा, पुढे-मागे गाड्या, हे सगळं महिनाभर आधी सुरू करा. मी तर आधी मशीनच्या डिझायनरशी बोलायला सांगतो. वरची मोटर किंवा पॅनल सुटं होऊन उंची वीस सेंटिमीटर कमी झाली तर लाखाचा फरक पडू शकतो.

कुरकुंभकडच्या केमिकलवाल्यांना लागणारे टँक कंटेनर, तेल किंवा मळीसाठी साध्या वीस फुटीत बसवायची फ्लेक्सी टँक पिशवी, हे तुमच्या कामाचं नाही, म्हणून सोडून देतो.

आता मामांची द्राक्षं. त्यांना रीफर लागेल, म्हणजे थंड कंटेनर, आणि तिथे बहुतेक वेळा चाळीस फुटी हायक्यूब रीफरच मिळतो. वीस फुटी रीफर कमी असतात आणि त्याचं भाडंही निम्मं नसतं. पण कंटेनर निवडण्याआधी मामांना एक गोष्ट नीट समजली पाहिजे. रीफर माल थंड करत नाही, आधीच थंड केलेला माल थंड ठेवतो. बागेतून काढलेली ३० अंशांची द्राक्षं थेट रीफरमध्ये भरली तर मशीन दिवसरात्र चालूनही मधल्या पेट्या गरमच राहतील आणि दुबईच्या जेबेल अली बंदराला दार उघडल्यावर देठ तपकिरी पडलेले असतील. घड तोडल्यापासून काही तासांत प्रीकूलिंगच्या खोलीत जोराच्या गार हवेने माल शून्य अंशाजवळ यायला हवा, मग रीफर. तापमान शून्य किंवा उणे अर्धा अंश लावायचं. बुकिंगच्या कागदावर उणे चिन्ह आणि सेल्सिअस दोन्ही स्पष्ट लिहिलंय ना, हे स्वतः बघा.

रीफरची रचनाही साध्या कंटेनरपेक्षा वेगळी असते. तळाला टी आकाराच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असतात, गार हवा त्यांच्यामधून पुढून मागे जाते आणि पेट्यांमधून वर येते. म्हणून तळ पूर्ण झाकला गेला पाहिजे, पेट्यांची भोकं एकावर एक जुळली पाहिजेत आणि भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर एकही पेटी जाता कामा नये. तळावर मोकळी जागा राहिली तर हवा तिथूनच पळते आणि माल तसाच राहतो. आणखी एक, बरेचजण माल भरण्याआधी रिकामा रीफर थंड करून ठेवायला सांगतात. पॅक हाउसला (फळं निवडून पेट्यांत भरायची जागा) रीफरच्या दाराशी घट्ट बसणारा थंड डॉक असेल तरच ते करा. उघड्यावर दार उघडून भरणार असाल तर बाहेरची गरम दमट हवा आत शिरून गार भिंतींवर पाणी धरते आणि ते पेट्यांवर येतं. जुन्नरहून न्हावा शेव्यापर्यंत ट्रेलरला जनरेटर बसवलेला हवा आणि त्यात डिझेल भरपूर हवं. नारायणगावच्या चौकात किंवा खंडाळ्यात तीन तास गाडी अडकली तर तोच माल वाचवतो. पेट्यांत सल्फर डायऑक्साइडचे पॅड असणार, त्यामुळे भाडं वाचवायला त्याच रीफरमध्ये दुसरं फळ भरायची कल्पना कोणी मांडली तर नाही म्हणा.

चाळीस फुटी रीफरमध्ये साधारण २० पॅलेट बसतात. एका बागेतून एकाच प्रतवारीचा, एकाच साखरेचा एवढा माल दोन दिवसांत निघेल का, हा मामांचा खरा प्रश्न आहे. नसेल निघत तर पहिल्या हंगामात गटातल्या शेतकऱ्यांबरोबर किंवा प्रीकूलिंगची सोय असलेल्या पॅक हाउसमार्फत जा. मामांना तीन गोष्टी विचारून मला कळवा. एका दिवसात किती टन काढणी होते, सगळ्यात जवळचं प्रीकूलिंग किती किलोमीटरवर आहे, आणि तिथे एका वेळी किती पॅलेट थंड होतात. तुमच्या कंटेनरसाठी मात्र थांबू नका. पेटीची उंची बीमं आणि झाकण धरून टेपने पुन्हा एकदा मोजा, ती २.३५ च भरली तर हायक्यूबचं बुकिंग करा.